आकस्मिक मृत्यूची नोंद

मराठी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज एक बातमी असते. माणूस बदलतो, गाव बदलते, शेवटची ओळ मात्र बदलत नाही : याप्रकरणी पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास सुरू आहे. हा पुढील तपास पुढे कुठे जातो हे वाचकाला ठाऊक नसते आणि विचारायचीही पद्धत नाही. लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम चालता चालता कोसळला की पडद्यावर अशीच एक ओळ उमटते : ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, आणि त्यापुढे कंसात ‘कोअर डंप्ड’. बातमी संपली. कंसातल्या दोन शब्दांचा अर्थ असा, की मयताचा पंचनामा झाला आहे, कागद तयार आहेत, ज्याला बघायचे त्याने बघावे. माणूस विश्वासाने प्रोग्रॅम चालवला त्या फोल्डरमध्ये बघतो. तिथे काही नसते. वरच्या फोल्डरमध्ये नसते, घरच्या फोल्डरमध्ये नसते, सगळी डिस्क धुंडाळली तरी नसते. हे नजरचुकीने घडते असे मानायला मी तयार नाही. लिनक्समध्ये पंचनामा न होणे हा नियम आहे आणि होणे हा अपवाद. आणि गंमत अशी, की या नियमाचे एकेक कलम सुटे काढून पाहिले तर त्यात शहाणपणाखेरीज काही सापडत नाही.

पंचनाम्यात असते काय ते आधी सांगायला हवे. प्रोग्रॅम मरतो त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे जे होते ते जसेच्या तसे एका फाइलीत उतरवून ठेवणे, याला कोअर डंप म्हणतात. कोणत्या व्हेरिएबलमध्ये कोणती किंमत होती, कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली होती, आणि नेमक्या कोणत्या पायरीवर पाय घसरला, सगळे. पोलिसी पंचनाम्याला रस्त्यावरून जाणारे दोन सभ्य गृहस्थ पंच म्हणून धरून आणावे लागतात आणि ते न वाचता सही करतात. इथे पंच स्वतः कर्नल, म्हणजे लिनक्सचा मूळ कारभारी, आणि तो लिहितो ते अक्षरशः खरे. लॉग फाइलीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जे सांगावेसे वाटले तेवढेच असते; कोअर डंपमध्ये त्याला झाकावेसे वाटले असते तेही असते. आता नावाविषयी. हा ‘कोअर’ म्हणजे गाभा नव्हे. १९५०च्या दशकात संगणकाची मेमरी फेराइटच्या चिमुकल्या कड्यांची होऊ लागली. तारांच्या जाळीत मण्यांसारख्या ओवलेल्या या कड्यांना कोअर म्हणत. एक कडे म्हणजे एक बिट. एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ साली अशी मेमरी बसली, आणि पुढची वीसेक वर्षे जगातले बहुतेक संगणक याच माळेवर जप करत होते. वीज गेली तरी कड्यांतले चुंबकत्व जागच्या जागी राही, म्हणजे यंत्र गेले तरी त्याची आठवण शाबूत. युनिक्सच्या नोव्हेंबर १९७१च्या पहिल्यावहिल्या माहितीपुस्तिकेत कोअर फाइलीला स्वतंत्र पान आहे. पुढे सेमीकंडक्टर आले, कडी मोडीत गेली, नाव तेवढे राहिले. गिरणगावात गिरण्या उरल्या नाहीत म्हणून गिरणगावाचे नाव कोणी बदलले नाही, तसेच हे.

पंचनामा सरसकट सगळ्या मयतांचा होत नाही. लिनक्समध्ये मरणाचे प्रकार क्रमांकाने ओळखतात, त्यांना सिग्नल म्हणतात. दुसऱ्याच्या हद्दीतल्या मेमरीत पाऊल टाकले तर ११ नंबर. प्रोग्रॅमने स्वतःच ‘आता पुढे जाण्यात अर्थ नाही’ म्हणून हात टेकले तर ६ नंबर. ८ नंबरचे नाव ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’, म्हणजे दशांश अपूर्णांकांच्या गणितातला अपघात. प्रत्यक्षात आपल्या नेहमीच्या पीसीवर हा सिग्नल कोणी साध्या पूर्णांकाला शून्याने भागले की येतो. दशांश चिन्ह तिथे औषधालाही नसते. उलट खऱ्याखुऱ्या दशांश अपूर्णांकाला शून्याने भागले तर यंत्र एरवी ‘अनंत’ असे उत्तर लिहून शांतपणे पुढे चालू लागते. आग कुठेही आणि कशानेही लागो, कारण शॉर्टसर्किट असावे असा प्राथमिक अंदाज लिहायची आपल्याकडे रीत आहे, तिची ही सख्खी बहीण. या तिघांचाही पंचनामा होऊ शकतो. ९ नंबरचा मात्र नाही. त्याचे नावच ‘किल’. मेमरी संपत आली की कर्नल चालू प्रोग्रॅमांमधून बहुधा सर्वांत लठ्ठ असलेला निवडतो आणि याच ९ नंबरने त्याचा निकाल लावतो. मारणारा कर्नल, पंचही कर्नल; तेव्हा पंचनाम्याचा प्रश्न उद्भवत नाही. डायरीत एक ओळ पडते, मयताचे वजन त्यात किलोबाइटमध्ये दिलेले असते, आणि ते वजन हाच त्याचा गुन्हा असतो.

आता ११ नंबरने रीतसर मेलेल्याकडे येऊ. त्याच्या वाटेत पहिली आडवी येते ती मर्यादा. कोअर फाइल किती मोठी होऊ द्यायची याची प्रत्येक प्रोसेसला मर्यादा असते, आणि डेबियन-उबुंटूसारख्या वितरणांत साध्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ती मुळातच शून्य असते. ‘यूलिमिट वजा सी’ असे विचारले की यंत्र ‘०’ एवढेच म्हणते. पंचनाम्याला मनाई नाही. त्यासाठी शून्य कागद मंजूर आहेत, एवढेच. सरकारी कचेरीत एकदा जरी पाय ठेवला असेल त्या वाचकाला या वाक्याचे सौंदर्य समजावून सांगायला नको. ‘यूलिमिट वजा सी अनलिमिटेड’ लिहिले की मंजुरी मिळते, पण ती त्या एका शेलला आणि त्याच्या पोटी जन्मणाऱ्या प्रोसेसना. इथे हक्क वारसाने चालतो. खिडकी मिटली की मंजुरी गेली, आणि शेजारच्या खिडकीला ती कधी लागूच नव्हती. मर्यादाही पुन्हा दोन, एक मऊ आणि एक कडक. मऊ मर्यादा कडक मर्यादेपर्यंत ज्याची त्याला वाढवता येते. कडक मर्यादा खाली आणायला कोणाचीच हरकत नसते, पण एकदा खाली आणली की सामान्य माणसाला ती वर नेता येत नाही. तेव्हा माणूस ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’ या फाइलीत कायमची नोंद करतो, नव्याने लॉगिन करतो, आकडा बदललेला बघतो आणि निश्चिंत होतो. पण ज्या डेटाबेसच्या जिवाची त्याला काळजी आहे तो कधी लॉगिन करून आलेलाच नसतो. तो यंत्र सुरू होताना सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या पोटी जन्मला, आणि त्याची मर्यादा त्याच्या युनिट फाइलीतल्या ‘लिमिटकोअर’ या ओळीत ठरते. सातबारा एका गावचा आणि जमीन दुसऱ्या गावची.

मर्यादा सुटली की पत्त्याचा प्रश्न. पंचनामा कुठे ठेवायचा ते ‘/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न’ या फाइलीतल्या एकाच ओळीत लिहिलेले असते आणि ती ओळ १२८ बाइटांत बसवावी लागते. मुळात तिथे ‘कोअर’ हा एकच शब्द असतो. अर्थ असा, की मरताना प्रोसेस ज्या फोल्डरमध्ये उभी होती तिथेच ‘कोअर’ नावाची फाइल पडेल. पडावे तिथेच पंचनामा, हे न्यायाला धरून आहे. पण पडद्याआड चालणाऱ्या सेवांना, ज्यांना डीमन म्हणतात, जन्मतःच मूळ फोल्डरमध्ये जाऊन उभे राहायची शिस्त लावलेली असते, आणि तिथे लिहायची परवानगी सहसा त्यांना नसते. मरायचे भर चौकात, पण चौकात कागद ठेवायला बंदी. शिवाय फाइलीचे नाव एकच, त्यामुळे दुसरा मेला की पहिल्याचा पंचनामा पुसला जातो. म्हणून या ओळीत टक्क्याची चिन्हे घालायची सोय केली आहे. टक्का-पी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. टक्का-टी म्हणजे मृत्यूची वेळ, तीही १ जानेवारी १९७०पासून उलटलेल्या सेकंदांत, कोणत्याही पंचांगात न सापडणाऱ्या शकात. धाकटा टक्का-ई म्हणजे मयताचे नाव आणि थोरला टक्का-ई म्हणजे त्याचा पूर्ण पत्ता, ज्यात तिरप्या रेघा चालत नाहीत म्हणून प्रत्येक वळणावर उद्गारचिन्ह घातलेले असते. सगळा पत्ताच किंचाळत असल्यासारखा दिसतो. नावाचे तर आणखी निराळे. कर्नल नावाचे पहिले १५ बाइट लक्षात ठेवतो, पुढचे सोडून देतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीत यूटीएफ-८च्या हिशेबाने प्रत्येक चिन्हाला ३ लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी चिन्हे वेगळी मोजली जातात. कोणी हौसेने आपल्या प्रोग्रॅमचे नाव देवनागरीत ‘ज्ञानेश्वर’ ठेवले आणि तो मेला, तर नोंदीत बरोबर ‘ज्ञान’ एवढेच उरते. कर्नलकडून इतकी रसिकता कोणी अपेक्षिली नसेल.

हीच ओळ एका उभ्या दांडीने सुरू केली तर प्रकरणाला वेगळे वळण लागते. आपल्या जुन्या पोथ्यांत दंड वाक्याच्या शेवटी येतो. इथे तो आधी येतो, आणि त्याचा अर्थ असा, की मयत फाइलीत न ठेवता थेट पुढे लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात द्यावे. कर्नलच्या २.६.१९ या आवृत्तीपासूनची ही सोय. तिचा लाभ घेऊन प्रत्येक वितरणाने आपले चौकीदार नेमले : उबुंटूने अ‍ॅपोर्ट, फेडोराने आधी एबीआरटी आणि मग सिस्टमडी-कोअरडंप. पडद्यावर ‘कोअर डंप्ड’ दिसते आणि फोल्डर रिकामे असते याचे हे मुख्य कारण. शेल खोटे बोलत नाही. मयत खरोखरच उचलले गेले आहे, फक्त कोणी उचलले ते त्याला सांगितलेले नाही. मघाशी जी मर्यादा सोडवण्यात दुपार गेली, ती कर्नल या दांडीच्या वाटेला लावत नाही. कायदा लागू नाही. मात्र दांडीपलीकडचे कारकून ती आपणहून विचारून घेतात आणि शून्य दिसली की त्याप्रमाणे वागतात. अ‍ॅपोर्टचा बाणेदारपणा तर पाहण्यासारखा. मयत कोणत्या अधिकृत पॅकेजातले हे तो आधी तपासतो. तुम्ही घरी लिहून घरीच कंपाइल केलेला प्रोग्रॅम असेल तर ‘हा कोणत्याही पॅकेजचा नाही, दुर्लक्ष करत आहे’ असा शेरा लॉगमध्ये मारतो आणि आपल्याकडून अहवाल बंद करतो. गुन्हा आमच्या हद्दीत घडलेला नाही, पलीकडच्या ठाण्यात जा, हे उत्तर ऐकायला आता घराबाहेर पडायची गरज राहिलेली नाही. एकाच यंत्रात प्रोग्रॅमला वेगळी खोली देणाऱ्या कंटेनरची तऱ्हा आणखी वेगळी. कंटेनरला स्वतःचे घर आहे, नाव आहे, प्रोसेसचे क्रमांक आहेत, पण कोअर_पॅटर्न नाही. तो अख्ख्या यंत्राला एकच. म्हणजे भाडेकरू आपल्या खोलीत मेला तर पंचनाम्याचे काय करायचे हे सोसायटीच्या सेक्रेटरीने कधीकाळी लिहून ठेवलेल्या ओळीवर ठरणार, आणि उभी दांडी असेल तर कागदही त्याच्याच कपाटात जाणार. भाडेकरू खोलीत शोधत बसतो.

कोअर या विषयावरच्या मॅन पानात, म्हणजे माहितीपुस्तिकेच्या पानात, पंचनामा न होण्याच्या कारणांची यादीच दिली आहे. फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही, तिथे त्याच नावाची फाइल आहे आणि तिला हात लावता येत नाही, डिस्क भरली, पत्त्यावरचा फोल्डरच अस्तित्वात नाही, मर्यादा शून्य, प्रोग्रॅमची मूळ फाइल वाचायचा अधिकार नाही, प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालणारा, म्हणजे सेटयूआयडी आहे, कर्नलच या सोयीवाचून बांधला आहे. यादी अजून आहे. विम्याची पॉलिसी उलटून बारीक अक्षरे वाचावीत तसा अनुभव येतो : मृत्यू सोडून सगळ्याची तरतूद. पण यातले कोणते कलम अन्यायाचे आहे? परक्याच्या फोल्डरमध्ये लिहू नये, हे योग्य. भरलेली डिस्क आणखी भरू नये, योग्य. मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमची मेमरी ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडू नये, शंभर टक्के योग्य. प्रत्येक कलमामागे कुठल्या तरी यंत्रावर झालेला मनस्ताप आहे. तपास होऊ नये असे कोणी ठरवले नाही. प्रत्येकाने फक्त आपल्या टेबलावरचा त्रास टाळला. आणि सगळी टेबले एका रांगेत लावली की शेवटच्या टेबलापर्यंत फाइल पोचत नाही. मोठ्या संस्थांतली बेपर्वाई अशीच होते. ती कुणा एकाची नसते, म्हणून तिच्यावर कारवाईही करता येत नाही.

पंचनामा व्हायलाच हवा म्हटले की पहिला आक्षेप जागेचा येतो, आणि तो जुना व प्रामाणिक आहे. ६४ जीबी मेमरी खाणारा डेटाबेस मेला तर पंचनामा त्याच मापाचा होऊ शकतो, आणि असे तीन पंचनामे झाले की डिस्क भरून बाकीचे निरोगी प्रोग्रॅमही मरू लागतात. काही साथीच्या रोगांत असते तसे, प्रेतेच साथ पसरवतात. जुन्या युनिक्स यंत्रांवर म्हणूनच रात्री एक झाडूवाला फिरे आणि ‘कोअर’ नावाची जुनी फाइल दिसली की उचलून फेकी. लिनक्सच्या स्वतःच्या सोर्समध्ये नेटवर्किंगच्या विभागात ‘कोअर’ नावाचा फोल्डर आहे, त्यामुळे अशा झाडूवाल्याला ‘फाइलच उचल, फोल्डरला हात लावू नकोस’ असे बजावणे शहाणपणाचे. पण हा आक्षेप आज तितका टिकत नाही. सिस्टमडी-कोअरडंप पंचनामे दाबून, कॉम्प्रेस करून ठेवतो. काही सांगितले नाही तर डिस्कच्या १० टक्क्यांपलीकडे जागा घेत नाही आणि १५ टक्के मोकळी राहील असे बघतो. जुने कागद आपोआप निकालात काढतो. मेमरीतला कोणता भाग उतरवायचा आणि कोणता नाही, हेही प्रोसेसगणिक ठरवता येते. जागेच्या आक्षेपातला खरा कण वेगळाच आहे आणि तो सहसा कोणी बोलून दाखवत नाही, तो म्हणजे वेळ. पंचनामा लिहून होईपर्यंत मयत जागचे हलत नाही, आणि ते हलल्याशिवाय त्याच्या जागी नवा उभा राहू शकत नाही. ६४ जीबी लिहायला लागणाऱ्या वेळात ग्राहक दारात ताटकळतात. ज्याचा धंदा सेकंदांवर चालतो त्याने या एका कारणासाठी पंचनामा आखडता घेतला तर त्याला मी दोष देणार नाही. पण असे धंदे किती? बाकीच्यांनी त्यांच्या नावावर सुटी घेतलेली असते.

दुसरा आक्षेप गुपितांचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. मेमरीत पासवर्ड असतात, किल्ल्या असतात, लोकांच्या खाजगी गोष्टी असतात. पंचनाम्यात त्या सगळ्या साग्रसंगीत उतरतात. मे २०२५मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अ‍ॅपोर्ट आणि सिस्टमडी-कोअरडंप या दोन्ही चौकीदारांत एकेक खोट दाखवून दिली. मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम मुद्दाम पाडायचा, त्याचा पंचनामा लिहिला जात असतानाच त्याच्या क्रमांकावर दुसरी साधी प्रोसेस आणून उभी करायची, आणि चौकीदाराची मयताची ओळख पटवण्यात गल्लत झाली की कागद आपल्या हाती. त्या कागदांत पासवर्डांचे हॅश. म्हणजे शवागारात मयताच्या पायाला बांधलेली चिठ्ठीच बदलण्याचा प्रकार. लिनक्सबाहेरचे उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. त्या कंपनीची सही करण्याची एक किल्ली हल्लेखोरांच्या हाती लागली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये कंपनीने सांगितले, की ती एका क्रॅश डंपमधून बाहेर पडली असावी. मार्च २०२४मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली : ज्यात ती किल्ली आहे असा डंप आम्हाला सापडलेला नाही. आरोपीच गायब. आता या सगळ्यावरून पंचनामेच बंद करावेत असे म्हणणारा माणूस शवागाराचे कुलूप मोडले म्हणून शवविच्छेदनच रद्द करायला निघाला आहे. कुलूप नीट करा. ज्या मेमरीत किल्ली ठेवली ती पंचनाम्यातून वगळा असे कर्नलला सांगायची सोय ३.४ या आवृत्तीपासून आहे; किती जण ती वापरतात ते त्यांनी आपल्या मनाला विचारावे. ‘एफएस डॉट सुइड_डंपेबल’ शून्यावर ठेवले की मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्यांचा पंचनामा टळतो. गुपितांचा आक्षेप काय उतरवावे आणि कोणाला दाखवावे याविषयी आहे. तो आक्षेप घेणारे लोक साधारणपणे दुसऱ्या वाक्यापर्यंत ‘काहीच उतरवू नका’ला पोचतात, आणि तेव्हा मला गुपितांपेक्षा आळसाचा वास अधिक येतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत आधुनिक आणि सगळ्यांत निर्लज्ज : मेला तर मेला, दुसरा उभा करू. सिस्टमडीत ‘रीस्टार्ट’पुढे ‘ऑलवेज’ लिहिले की प्रोग्रॅम मेल्यावर १०० मिलिसेकंदांत त्याच नावाचा, त्याच चेहऱ्याचा दुसरा त्याच खुर्चीवर येऊन बसतो. अनुकंपा तत्त्वावरील नेमणुका इतक्या त्वरेने दुसरीकडे कुठे होत नाहीत. १० सेकंदांत पाचदा असा प्रकार झाला तर मात्र सिस्टमडीसुद्धा हात जोडून बाजूला होतो. ग्राहकाला कळत नाही, साहेबाला कळत नाही, आलेखातली रेघ किंचित लवते आणि सरळ होते. मग पंचनामा हवा कशाला? हवा, कारण नेमणूक त्याच माणसाची झाली आहे. ज्या खड्ड्यात पहिला पडला तो खड्डा नव्याच्याही वाटेवर तसाच आहे आणि नवाही तितकाच आंधळा आहे. रोज पडणारा प्रोग्रॅम कोणीतरी कंटाळून दुरुस्त करते. महिन्यातून एकदा पडणारा वर्षानुवर्षे पडत राहतो, कारण तपासणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तो कधीच पडत नाही. अशा मयताची एकमेव साक्ष त्या एका क्षणाची असते आणि ती १०० मिलिसेकंदांत पुसली जाते. इथे ‘लॉग आहे ना’ असे कोणी म्हणेल. लॉग उपयोगी असतो, पण त्याच्या स्वभावात एक विनोद आहे. लिहिणाऱ्याला जिथे शंका आली तिथे त्याने लॉग लिहिला, आणि जिथे शंका आली तिथली चूकही त्याने बहुधा तेव्हाच सुधारली. प्रोग्रॅम मरतो तो शंका न आलेल्या जागी. म्हणून लॉगची शेवटची ओळ जवळजवळ नेहमी ‘सर्व काही ठीक’ या अर्थाची असते. शेजाऱ्यांच्या जबान्याही अशाच असतात : सकाळी तर चांगला बोलला होता.

समजा हे सगळे पार पडले, आक्षेप मिटले, मर्यादा सुटली, चौकीदार प्रामाणिक निघाला. आता कागद मिळवायचे. ‘कोअरडंपसीटीएल लिस्ट’ म्हटले की नोंदवही उघडते : वेळ, क्रमांक, सिग्नल, नाव, आणि मुद्देमालाची स्थिती. स्थितीच्या रकान्यात ‘प्रेझेंट’ असेल तर उत्तम. पण जुन्या नोंदींपुढे हटकून ‘मिसिंग’ असते, कारण नोंद सिस्टमडीच्या जर्नल नावाच्या लॉगमध्ये राहते आणि फाइल ‘/व्हार/लिब/सिस्टमडी/कोअरडंप’मध्ये, आणि फाइलीवरचा झाडू जर्नलला विचारून फिरत नाही. आवक रजिस्टरला क्रमांक आहे, कागद दप्तरी दिसत नाही. आपल्या अर्जदारांना या वाक्याचे भाषांतर लागत नाही. फाइल असलीच तर जीडीबी नावाच्या तपासनिसासमोर ठेवायची आणि ‘बीटी’ म्हणायचे, की तो मृत्यूच्या क्षणापासून मागे एकेक पायरी उतरत हकिगत सांगतो. त्याने सांगायला हवी, असे म्हणणे अधिक खरे. कारण प्रोग्रॅम ग्राहकाकडे पाठवताना जागा वाचावी म्हणून त्यातली नावे, ज्यांना डीबग सिम्बॉल म्हणतात, खरवडून काढलेली असतात. मग तपासनीस प्रत्येक पायरीवर एक लांबलचक आकडा आणि दोन प्रश्नचिन्हे छापतो. पहिली पायरी : दोन प्रश्नचिन्हे. दुसरी पायरी : दोन प्रश्नचिन्हे. पंचनामा पूर्ण, एकही नाव नाही. नावे वेगळी जपून ठेवली असतील तर बिल्ड-आयडी या ओळखक्रमांकावरून त्यांची गाठ घालून देता येते, आणि फेडोरा, डेबियन, उबुंटू यांनी त्यासाठी डीबगइन्फोडी नावाचे सर्व्हरही चालवले आहेत. पण ते त्यांच्या पॅकेजांपुरते. तुमच्या प्रोग्रॅमची नावे तुम्हीच फेकून दिली असतील तर जगात ती कुठेही नाहीत. आणि नावे मिळाली, पायरी मिळाली, संशयित व्हेरिएबलवर बोट ठेवले, ‘तुझी किंमत काय होती?’ असे विचारले, की तो शांतपणे उत्तर देतो : ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’. वेग वाढवण्यासाठी कंपायलरने त्याला कधीच घरी पाठवले होते. साक्षीदार फितूर झाला नाही, तो जन्मलाच नव्हता.

हा सगळा बंदोबस्त चालतो की नाही हे बघायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे कोणालातरी मारून पाहणे. माहीतगार लोक त्यासाठी ‘स्लीप’ हा प्रोग्रॅम निवडतात. याचे काम सांगितलेले सेकंद झोपणे, एवढेच. तो कोणाच्या मेमरीत शिरत नाही, कशाला शून्याने भागत नाही, वजनाने हलका, सगळ्या यंत्रांवर हजर. त्याला १०० सेकंदांसाठी झोपवायचे आणि मागून ११ नंबरचा सिग्नल द्यायचा. मग सगळी यंत्रणा खडबडून कामाला लागते : मर्यादा पुरेशी, पत्ता बरोबर, पॅकेज अधिकृत, नाव १५ बाइटांत मावणारे, नावांची फाइल सर्व्हरवर तयार, नोंदवहीत ‘प्रेझेंट’. जीडीबी एकाही प्रश्नचिन्हाशिवाय हकिगत सांगतो, की मयत ‘क्लॉक_नॅनोस्लीप’मध्ये होता, म्हणजे मृत्यू झोपेतच आला. समाधानाने ती फाइल पुसली जाते. कित्येक यंत्रांच्या अख्ख्या आयुष्यात निर्दोष पार पडलेला पंचनामा हा एवढाच असतो.